पांढरी मिरी

सासूबाईंचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून माणसं मुद्दाम चुकीचा नंबर मागायची, अशी एक दंतकथा त्यांच्या घरात होती. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि तोंडी असा स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज की पलीकडचा तावातावाने भांडणारा माणूससुद्धा नकळत 'कृपया' म्हणायला लागायचा. निवृत्तीनंतरही घरचा फोन त्या तशाच ऐटीत उचलायच्या. लेकीचा फोन असला तरी आधी "बोला," आणि मग "अगं, तू होय!"

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, सौम्य होता, थोडक्यात निभावलं. थोडक्यात म्हणजे उजवा हात जरा मंदावला, ओठांचा एक कोपरा खाली उतरला आणि शब्द तोंडातून निघताना एकमेकांच्या पायात पाय घालायला लागले. दुसऱ्या कुणी ते चालवून घेतलं असतं. पण जिने जन्मभर आवाजावर पोट भरलं, तिला स्वतःचं हे लडबडलेलं बोलणं ऐकवेना. त्यांनी बोलणंच सोडलं. हवं असलं की मान हलवायच्या, नको असलं की डोळे मिटायच्या, आणि अगदीच गळ्याशी आलं तर तोंडापुढे रुमाल धरून एखादा शब्द टाकायच्या.

लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. घरात ती आणि तिचा नवरा, दोघंच. लेक पूल तपासणारी इंजिनियर. पुलाला कुठे तडा गेलाय, कुठला खांब झिजलाय, हे ती हातोडीने टकटक करून सांगायची. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या छोट्याशा गाडीवर पुढे-मागे 'शिकाऊ' अशी पाटी होती आणि त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. विद्यार्थी त्याच्या मागे त्याला 'ब्रेकसर' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

ब्रेकसर आणि सासूबाई यांचं नातं कधी बिघडलं नव्हतं. बिघडायला आधी बोलणं व्हावं लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांची गाडी "बरे आहात ना?" आणि "बरी आहे, तुम्ही?" याच्या पुढे सरकली नव्हती. त्या त्याला 'जावईबापू' म्हणत, तो त्यांना 'आई' म्हणे, आणि दोघंही एकमेकांना जरा बिचकून असत.

बोलण्यापेक्षा मोठी पंचाईत होती गोळ्यांची. झटक्यानंतर सासूबाईंना गोळी गिळता येईना. पाण्याबरोबर गोळी तोंडात घेतली की पाणी पुढे जायचं, गोळी मागे राहायची, आणि असा ठसका लागायचा की डोळ्यांतून पाणी आणि चेहरा लालबुंद. काही दिवस त्या शहाण्यासारख्या गोळ्या तोंडात घेत होत्या. मग एकदा लेकीने उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आतून भिजून सुकलेल्या गोळ्या टपटप जमिनीवर. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. लेकीने कपाळाला हात लावला आणि खलबत्ता काढला.

तेव्हापासून सकाळ-दुपार-रात्र स्वयंपाकघरात ठाकठोक सुरू झाली. लेक गोळ्या कुटायची, चमचाभर मऊ काहीतरी घ्यायची, त्यात पूड कालवायची आणि आईला भरवायची. आई लहान मुलासारखं तोंड उघडायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

असं चाललेलं असताना लेकीला बाहेरगावचं काम निघालं. नदीवरचा एक जुना पूल तपासायचा होता आणि तिच्यावाचून ते होणार नव्हतं. निघताना तिने नवऱ्याला सगळं समजावलं. मग पुन्हा समजावलं. दारात चपला घालताना पुन्हा सुरू केलं, तेव्हा तो म्हणाला, "अगं, मी लोकांना चढावर गाडी उभी करायला शिकवतो. चार गोळ्या कुटायला जमणार नाही का मला?"

नाहीच जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिलाच ठोका दिला, तशी गोळी खलातून उडाली, ओट्यावर एक टप्पा घेऊन थेट फ्रिजखाली. दुसरीचे दोन तुकडे झाले. तिसरी कुटली खरी, पण ती दगडाला अशी चिकटून बसली की त्याला ती सुरीने खरवडून काढावी लागली. घाईघाईत त्याने ती पूड पाण्यात ढवळली आणि वाटी पुढे केली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि ठसका लागला तो थांबेना. ब्रेकसरचा हात त्यांच्या पाठीकडे गेला आणि अधांतरीच राहिला. सासूच्या पाठीवर थोपटावं की थोपटू नये, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ठसका शमला. सासूबाईंनी रुमाल तोंडापुढे धरला.

"लसूण," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"लस-णीचा वास. औषधाला."

लेकीने इतके दिवस त्याच खलबत्त्यात दोन्ही गोष्टी कुटल्या होत्या आणि त्या माउलीने ब्र काढला नव्हता. ब्रेकसरने नवी पूड करून घट्ट दह्यात कालवून दिली. मग त्या दिवसाची पहिली शिकवणी पुढे ढकलली आणि सरळ औषधांचं दुकान गाठलं.

दुकानात एक पोक्त केमिस्ट बाई होत्या. त्याने विचारलं, "गोळ्या बारीक करायचं काही मिळतं का हो?"

"घरात ठेवायचं की बरोबर न्यायचं?"

सासूबाई कुठे जाणार होत्या! दारापर्यंतसुद्धा त्या येत नव्हत्या. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर न्यायचं."

बाईंनी खोक्यातून एक वस्तू काढली. मुठीत मावेल एवढी, धुरकट प्लॅस्टिकची, कंबरेत बारीक. वरून गोळी टाकायची, झाकण लावायचं आणि ते फिरवायचं. आतले दाते एकमेकांवर घासायचे आणि पूड खालच्या कपात पडायची. कप फिरवून सुटा करता यायचा. त्यातच दही घालायचं, झाकणात खोचलेल्या चिमुकल्या चमच्याने ढवळायचं आणि त्यातूनच घ्यायचं. मग सगळं धुऊन खिशात.

"पण आधी गोळ्यांच्या पट्ट्या दाखवा," बाई म्हणाल्या. "सगळ्याच गोळ्या दळायच्या नसतात."

त्याने खिशातून पट्ट्या काढून काउंटरवर मांडल्या. बाईंनी एकेक उलटी करून पाहिली. एकीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही नाही हं. ही दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. फोडलीत तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाणार. आजवर फोडत होतात का?"

ब्रेकसरने मान डोलावली. "त्यांना दुपारी गरगरतं. आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, बोलल्या, आणि डॉक्टरांनी त्या गोळीऐवजी दुसरं, पातळ औषध सांगितलं. बाकीच्या गोळ्या दळायला हरकत नव्हती. "कधीही नवीन गोळी आली की आधी विचारायचं," एवढंच बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्याने बायकोला फोनवर हे सांगितलं, तशी ती बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मीच तिला..."

"तू त्यांना जगवलंस," तो म्हणाला. "आता तू तुझ्या पुलाकडे बघ. इथे मी आहे."

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर त्याने ती वस्तू सासूबाईंपुढे टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं नवा विद्यार्थी क्लचकडे बघतो. तो त्यांच्याशेजारी बसला आणि सवयीने त्याचा शिकवणीतला सूर लागला.

"काही घाई नाही. आधी नुसती हातात धरा. वजन कळू दे. आता गोळी टाका वरून. हां. आता झाकण फिरवायचं. तुमच्या उजवीकडे."

सासूबाईंनी झाकण धरलं. बोटं घसरली. पुन्हा धरलं, पुन्हा घसरली. त्यांनी वस्तू त्याच्याकडे सरकवली आणि डोळे मिटले.

आता खरं तर ती घेऊन फिरवून टाकणं दोन क्षणांचं काम. बायकोने तेच केलं असतं. पण ब्रेकसरच्या अंगात एक गोष्ट वर्षानुवर्षांच्या सवयीने मुरली होती. शिकणाऱ्याचं स्टिअरिंग हिसकायचं नाही. गाडी खड्ड्यात जात नाही तोवर आपले हात आपल्या मांडीवर. त्याने हात मांडीवर ठेवले आणि रस्त्याकडे बघावं तसं समोर भिंतीकडे बघत राहिला.

भिंतीवर घड्याळ होतं, ते चालत राहिलं. शेवटी सासूबाईंनी एक डोळा उघडला. जावई जागचा हलत नाही असं पाहून दुसराही उघडला. मग त्यांनी वस्तू टेबलाच्या कडेला टेकवली, डाव्या हाताने बूड घट्ट धरलं, उजव्याची बोटं झाकणावर एकेक करून बसवली आणि जोर लावला.

करर्र.

"झालं की!" तो म्हणाला.

"अजून," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा फिरवलं. करर्र, करर्र. कपात पिठासारखी बारीक पूड पडली. त्यांनी तिच्याकडे वाकून पाहिलं, वास घेतला. लसणीचा नव्हता. मग दही, मग तो बाहुलीचा वाटावा असा चमचा. सगळं निवांतपणे पोटात गेलं, एकदाही ठसका न लागता.

"गिरणी," त्या म्हणाल्या. रुमाल मांडीवरच राहिला होता.

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव गिरणीच पडलं. रोज तिन्ही वेळा गिरणी चालायची आणि गिरणीबरोबर थोडं थोडं बोलणंही दळलं जायचं. सासूबाईंना एक वाक्य पुरं करायला वेळ लागायचा. ब्रेकसरला वेळ लागण्याचं काही वाटायचं नाही. चौकात बंद पडलेली गाडी मागच्या भोंग्यांची पर्वा न करता पुन्हा सुरू होईपर्यंत शांत बसणं, हीच त्याची नोकरी होती. एका रात्री त्या म्हणाल्या, "तुमची... ती... बाई. हिरव्या कपड्यातली. आज पास झाली?"

"नाही हो. गाडी मागे घेताना फाटकाला भेटून आली."

सासूबाई खांदे हलवून हसल्या. पण हसताना हात झटकन तोंडावर गेला.

अशात एक फोन आला. घरातला फोन वाजला की सासूबाई हल्ली दुसऱ्या खोलीत जात. ब्रेकसरने उचलला, आणि त्याने 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून बोलण्याचा नळ सुटला. फोन सासूबाईंच्या जुन्या मैत्रिणीचा होता. एक्स्चेंजमध्ये तिचं नाव 'एंगेज' होतं, कारण तिची लाइन कधी मोकळी सापडली नाही. जुन्या ऑपरेटर बाया वर्षातून एकदा दुपारच्या जेवणाला जमत. यंदाचा दिवस ठरला होता. "तिला म्हणावं, गेल्या खेपेला आली नाहीस, आता नाही आलीस तर आम्ही सगळ्या तिथे येऊन बसू. किती खुर्च्या आहेत तुमच्याकडे?"

त्याने निरोप सांगितला. सासूबाईंनी डोळे मिटले.

"का नको?" त्याने विचारलं. असं त्याने त्यांना कधी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्यालाच दचकल्यासारखं झालं.

सासूबाई रुमालाआडून म्हणाल्या, "आवाज... असा. आणि जेवताना तो... गोळ्यांचा तमाशा. लोक बघतील."

"आई," तो म्हणाला, "माझ्या गाडीवर पुढे-मागे मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेलं आहे. अख्खं गाव रोज बघतं. मागचा हॉर्न मारतो, पुढचा हसतो. तरी माणसं शिकतातच की. आणि गिरणी तर खिशात मावते. टेबलाखाली फिरवा, कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही... थांबाल?"

"थांबेन ना. कोपऱ्यात बसून सूप पिईन."

ठरल्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले, पर्समध्ये गिरणी टाकली आणि 'शिकाऊ' पाटीच्या गाडीत बसल्या. त्याने गाडी नेहमीपेक्षाही सावकाश हाकली. एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "जेवण... रात्रीचं नाही."

जेवणाची जागा मोठी, उजेडाची होती. खिडकीलगत लांब टेबल मांडलं होतं आणि भोवती सात-आठ पिकल्या केसांच्या बाया. सासूबाई आत शिरताच सगळ्या एकदम उठल्या. मिठ्या झाल्या, गालांना हात लागले, डोळे पुसले गेले. पण मग बसल्यावर जे व्हायचं तेच झालं. कुणी काही विचारलं की सासूबाई रुमाल धरून मान हलवायच्या, आणि त्यांना त्रास नको म्हणून बाकीच्या त्यांच्या वाटचं आपणच बोलून टाकायच्या. "तिला बरं आहे आता." "हो, दिसतंय ना, रंग सुधारलाय." जणू त्या तिथे नव्हत्याच. ब्रेकसर शेजारच्या छोट्या टेबलाशी बसून हे बघत होता आणि त्याचा पाय टेबलाखाली उगीचच ब्रेक शोधत होता.

सूप आलं. गोळ्यांची वेळ झाली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तो उठून जवळ गेला. त्यांनी पर्समधून गिरणी काढली, मांडीवर ठेवून गोळ्या वरून टाकल्या, झाकण लावलं, मग खालचा कप सोडवून त्याच्या हातात दिला. काउंटरवरून त्यातच दोन चमचे दही आणायचं, असं त्यांचं ठरलं होतं. वाढपी इतके धावपळीत होते की मागून दही कधी आलं असतं कोण जाणे. तो कप घेऊन गेला. मांडीवरून गिरणी घसरायला लागली तशी सासूबाईंनी ती उचलून टेबलावर ठेवली, मिठाच्या बाटलीशेजारी.

ब्रेकसर दही घेऊन वळला आणि जागच्या जागी थिजला.

सासूबाईंच्या शेजारी एंगेज बसली होती. एंगेजचा चष्मा पर्समध्ये असायचा, कारण चष्म्याने ती म्हातारी दिसते असं तिचं मत होतं. नातवाच्या पराक्रमाची गोष्ट सांगता सांगता तिने हात लांब केला, गिरणी उचलली, आपल्या सुपावर मिरीदाणीसारखी धरली आणि झोकात फिरवली. करर्र, करर्र, करर्र.

"अगंबाई, ही मिरी पांढरी कशी?" ती म्हणाली.

"पांढरी मिरीपण असते," पलीकडच्या बाईने ज्ञान दिलं. "महाग असते ती."

"असेल बाई," म्हणून एंगेजने आणखी दोन फेरे दिले, सूप ढवळलं आणि चमचा भरून उचलला.

ब्रेकसर आणि ते टेबल यांच्यामध्ये दोन वाढपी, एक ढकलगाडी आणि कुणाचं तरी रडणारं मूल होतं. गाडीत असता तर पाय दाबला असता. इथे त्याच्या हातात होता दह्याचा कप. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दुसराच आवाज झाला.

"एंगेज! चमचा खाली!"

सगळं उपाहारगृह थांबलं. वाढपी थांबले, रडणारं मूलही थांबलं. त्या शब्दांतले काही गोलगोल झाले होते, एकाची कड तुटली होती, पण आवाज असा होता की हातातली वस्तू कुणीही खाली ठेवावी. एंगेजचा चमचा वाटीत पडला, सूप टेबलभर उडालं.

सासूबाई उभ्या होत्या. रुमाल कुठेतरी खाली पडला होता.

"काय गं? काय झालं?" एंगेज घाबरी झाली.

"ती... मिरी नाही." सासूबाईंनी श्वास घेतला. कुणीतरी त्यांच्या मदतीला बोलायला गेलं, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "माझं... औषध. गोळ्या. ती माझी गि-रणी आहे."

तोवर ब्रेकसर धापा टाकत पोचला. "घेतलंत का तुम्ही? एखादा घोट?"

"नाही हो, नाही," एंगेज छातीवर हात ठेवून म्हणाली. "घेणारच होते. पण म्हटलं नातवाची गोष्ट तेवढी पुरी करावी, आणि मग..."

"बघा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा ओठांचा खालचा कोपरा थरथरायला लागला होता. "जन्मभर... हिला सांगितलं. कमी बोल. आज... गप्प असती... तर गेली असती."

एक क्षण कुणालाच कळलं नाही, हसावं की काय करावं. मग खुद्द एंगेजच फुटली. ती टेबलावर डोकं टेकून हसली, तशा बाकीच्या सगळ्या. आणि सासूबाई? त्याही हसत होत्या. तोंड उघडं, वाकडं, एका बाजूने वर आणि एका बाजूने खाली. त्यांचा हात तोंडाकडे गेलाच नाही, कारण तो एंगेजच्या पाठीवर धपाटे घालण्यात गुंतला होता.

ब्रेकसरने ती सुपाची वाटी स्वतः उचलून वाढप्याच्या हाती दिली आणि त्याला दोनदा बजावलं की ही सरळ ओतून टाक, कुणी चाखायची नाही. गाडीत गोळ्यांच्या जादा पट्ट्या होत्या. त्या आणायला तो धावला आणि दारातून बाहेर पडल्यावर एकदम थांबला. डोळ्यांत पाणी का आलं, हे त्याला कळेना. गाडीला टेकून त्याने नाक शिंकरलं, पट्ट्या घेतल्या आणि परत गेला.

आता गिरणी टेबलाच्या मधोमध आली होती. टेबलाखाली काही फिरवायचं कारणच उरलं नव्हतं.

"दे, मी फिरवते," एंगेज म्हणाली. "पापक्षालन."

"हात मागे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बूड धरलं, बोटं एकेक करून बसवली. सगळ्या जणी वाकून बघत होत्या. करर्र झालं तशी दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. दही आत गेलं, औषध आत गेलं. मग पलीकडच्या पांढऱ्या मिरीवाल्या बाईने विचारलं, "गिळताना दुखतं का गं?" आणि सासूबाई तिला सांगायला लागल्या. त्यांना सांगायला वेळ लागत होता. सूप निवलं, पुढचं वाढणं आलं, तेही निवलं. पण या बाया कधीकाळी दूरदूरच्या खरखरत्या तारांवरचं बोलणं कान देऊन ऐकलेल्या. लडबडलेले चार शब्द त्यांना काय जड! एकदा त्यांच्या लक्षात आलं की ही सांगेल, आपण नुसतं थांबायचं, मग त्यांनी बरोबर कान लावले. एंगेजसुद्धा मधे बोलली नाही. निदान फारसं नाही.

परतीच्या वाटेवर सासूबाई दमून सीटला टेकल्या होत्या. ऊन कलतं झालं होतं. एका चौकात गाडी थांबली, तेव्हा त्या समोर बघतच म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी... तुम्ही मला आवडला नव्हतात."

"माहीत आहे मला."

"वाटलं, हा माणूस... काही करण्याआधी... ब्रेकच लावतो. माझ्या मुलीचं कसं व्हायचं."

"आणि आता?"

मागच्याने हॉर्न दिला. सासूबाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, "थांबा जरा. बोलतोय आम्ही." मग काच वर केली. "आता... चला. सावकाश."

लेक परत आली ती एका दुपारी, न कळवता, पूल एकदाचा पास करून. किल्लीने दार उघडलं तर आतून मोठमोठ्याने आवाज. तिचा जीव धसकला. आई आणि नवरा भांडत होते! ती बॅग तिथेच टाकून स्वयंपाकघराच्या दारात आली. भांडण केळ्यावरून चाललं होतं. औषधाची पूड कुस्करलेल्या केळ्यात चांगली लागते की दह्यात, यावर जावई दह्याच्या बाजूने आणि सासू केळ्याच्या बाजूने, दोघंही इरेला पेटलेले. दारात कुणी उभं आहे हे दोघांनाही कळलं नाही.

"आई," लेक म्हणाली.

मग काय, मिठ्या, चौकश्या, चहा. चहानंतर सासूबाईंनी गोळ्या काढल्या तसा लेकीचा हात सवयीने पुढे गेला. "दे इकडे, मी करते."

"नको," आई म्हणाली. "माझं मी."

लेकीने हात मागे घेतला. तिला जरा लागलंच. इतके दिवस आपण भरवलं, आणि आपल्या पाठीमागे हे सगळं परस्पर मार्गी लागलं! नवऱ्याने ते पाहिलं. त्याने टेबलाखालून तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

गिरणी चालली, औषध झालं. सासूबाईंनी चमचा चाटून ठेवला, खुर्ची लेकीकडे वळवली आणि जेवणाच्या दिवशीची गोष्ट सुरू केली. एंगेज बसली होती कुठे, सूप कसलं होतं, काही म्हणून त्या सोडत नव्हत्या. एका शब्दाशी येऊन त्या अडल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. लेकीच्या जिभेवर तो आला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर भिंतीकडे बघत आरामात बसला होता, जणू सिग्नल लाल आहे आणि बाहेर छान हवा आहे. तिने ओठ मिटले.

"मि..." सासूबाई म्हणाल्या. "मिशी."

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"पांढरी मिशी!" म्हणत सासूबाई स्वतःच अशा हसत सुटल्या की खुर्ची करकरायला लागली. लेकही हसली, आणि हसता हसता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सासूबाईंनी मंद झालेला तो उजवा हात तिच्या केसांतून फिरवला आणि जावयाला म्हणाल्या, "चहा... ठेवा आणखी. गोष्ट अजून... पुष्कळ आहे."